न लुकलुकणारा दिवा

माझ्या दुकानात माणसं दोन तऱ्हेची येतात. पहिल्या तऱ्हेच्या माणसाची विहिरीवरची मोटार जळालेली असते आणि त्याला ती कालच दुरुस्त करून हवी असते. दुसऱ्याच्या गाडीत समोर कुठलातरी दिवा लागलेला असतो. त्याला बिघाड काढायचा नसतो, नुसता दिवा काढायचा असतो. गाडीच्या पासिंगच्या आदल्या दिवशी या दुसऱ्या तऱ्हेच्या लोकांची माझ्याकडे रांग लागते. "ताई, एवढा दिवा बंद करून द्या ना." इंजिनात काय जळतंय ते नंतर बघू म्हणतात, आणि ते नंतर काही येत नाही. पांढरकवड्यात ही रीतच पडून गेली आहे, आणि मी काही रीत मोडायला बसलेली बाई नाही. आधी बाबांबरोबर आणि मग त्यांच्या मागे मिळून पंचवीस वर्षं दुकान चालवते आहे, असे किती दिवे विझवले त्याची गणती नाही.

एक दिवा मात्र मी विझवला नाही, कायमचा पेटवून ठेवला. त्याचं सांगते.

पोळ्याच्या आठवड्यात मंगळवारी सकाळी कपिल संस्थेची जुनी जपानी जीप घेऊन आला. संस्था म्हणजे जंगलातल्या कोलामांच्या पोडांवर, म्हणजे वाड्यांवर, फिरता दवाखाना चालवणारी. गाडी पंचवीसेक वर्षांची, कुठल्याशा खाणीच्या कामाला आलेली, तिथून संस्थेला दान मिळालेली. हाडापेराने दणकट आणि म्हातारपणी चिडकी. माझ्यासारखीच, असं आमच्या घरी म्हणतात.

"काकू, लॉक लावलं तरी मांगचं एकच चाक फिरते," कपिल म्हणाला. "काल अर्धा घंटा गाळात फसलो. दिवा तं बराबर लागून राह्यला."

"दिवा लागते ना? मंग लॉकही लागते. तुलेच चालवता येत नसन."

बोलून गेले खरी, पण हे वाक्य मी आधी कुठेतरी म्हटलेलं आहे असं तेव्हाच वाटलं. हातातला पाना मी उगाच दोनदा खाली ठेवला आणि उचलला.

लॉक म्हणजे काय ते आधी सांगते, म्हणजे पुढचं समजेल. गाडीची मागची दोन चाकं एकमेकांना बांधलेली नसतात. एक चाक गाळात गेलं की सगळा जोर त्यालाच जातो, ते गरगर फिरत बसतं आणि कोरड्यावरचं चाक नुसतं बघत राहतं. लॉक लावलं की आतले दात एकमेकांत बसतात आणि दोन्ही चाकं बरोबरीने ओढतात. या जिपेत ते काम मुठीएवढी विजेची मोटार करते. समोर एक गोल खटका आहे. तो फिरवला की शेजारचा नारिंगी दिवा आधी लुकलुकतो. म्हणजे थांब, दात अजून बसले नाहीत. गाडी हातभर पुढे-मागे घेतली, दात बसले, की दिवा लुकलुकायचा थांबतो आणि स्थिर पेटतो. मग खुशाल चढ चढावा.

आता ते आधी म्हटलेलं वाक्य. दोन वर्षांपूर्वी याच गाडीतून नेमसिंग राठोड आणि नर्स मथुराबाई पोडावरून परत येत होते. नेमसिंग संस्थेचा जुना ड्रायव्हर, दहा-बारा वर्षं ही गाडी त्याच्याच हाताखाली. नाल्याचा चढ चढताना गाडी उलटी घसरली आणि खाली जाऊन कलंडली. मथुराबाईंची मांडी मोडली. त्यांच्या पायात आता सळई आहे आणि हातात काठी. नेमसिंग सगळ्यांना एकच सांगत होता, "म्या लॉक लावलं होतं. दिवा लागला होता. लुकलुकत नव्हता." पण गाडी ओढून काढली तेव्हा लॉक सुटलेलं सापडलं. संस्थेने चौकशी लावली आणि विजेचं काम जाणणारी म्हणून मला बोलावलं. मी सीटवर बसले, किल्ली फिरवली, खटका फिरवला. दिवा झटकन पेटला. मी तिथेच वडिलांच्या नावाच्या लेटरहेडवर लिहून दिलं: लॉकची यंत्रणा ठीक आहे. लॉक बसल्याशिवाय हा दिवा स्थिर पेटू शकत नाही. खाली सही आणि 'पुंडलिकराव मोटार वाइंडिंग वर्क्स'चा शिक्का.

म्हणजे नेमसिंगने लॉक लावलंच नव्हतं, आणि दिवा पाहिला म्हणतो ते खोटं. माझ्या दोन ओळींचा अर्थ तेवढाच होत होता आणि सगळ्यांनी तो बरोबर घेतला. नेमसिंगच्या हातून गाडी काढली आणि त्याला फाटकावर बसवलं. तांड्यातली पोरं त्याला 'दिवेवाला' म्हणून चिडवतात हे मला ठाऊक होतं. मथुराबाई त्याच्याशी बोलेनाशा झाल्या हेही ठाऊक होतं. वाईट वाटायचं, पण चुकला तर चुकला, असं मी म्हणायचे.

कपिलला मी गाडी जॅकवर घ्यायला लावली. मागची दोन्ही चाकं अधांतरी. "लाव लॉक," मी म्हणाले. त्याने खटका फिरवला. दिवा पेटला, एकदाही न लुकलुकता, शहाण्या पोरासारखा. मी डावं चाक हाताने पुढे फिरवलं. लॉक लागलेलं असतं तर उजवं चाकही पुढे फिरलं असतं. ते मागे फिरलं. मी पुन्हा फिरवलं. ते पुन्हा मागे.

"पाह्यलं का?" कपिल म्हणाला. त्याला आपलं खरं झाल्याचा आनंद झाला होता.

 दिवा पेटलेला आहे आणि लॉक लागलेलं नाही. जे होऊच शकत नाही म्हणून मी सही-शिक्क्यानिशी लिहून दिलं होतं, ते माझ्याच दुकानासमोर भर उन्हात होत होतं.

मी आत बसले आणि खटक्याभोवतीची पट्टी काढली. मागे तारांचा गुंता. त्यात एक पिवळी तार. दिव्याची मूळ तार दात बसले की नाही ते ओळखणाऱ्या कंट्रोलच्या डबीकडे जायला हवी, ती तिथून तोडलेली आणि या पिवळ्या तारेने सरळ खटक्याला जोडलेली. म्हणजे खटका फिरवला की दिवा पेटणारच. लॉक बसो, न बसो, मोटार जिवंत असो की मेलेली असो.

आणि जोडावर धागा बांधलेला होता.

आमच्या बाबांची एक सवय होती. उन्हाने चिकटपट्टी सुटते म्हणून ते तारेच्या प्रत्येक जोडावर वाइंडिंगचा सुती धागा गुंडाळायचे, दुहेरी गाठ मारायचे आणि वर वार्निशचा हात द्यायचे. मोटारीत सगळेच तसं करतात. गाडीच्या तारेला तसं करणारं या गावात दुसरं कुणी नाही. बाबा होते, आणि आता मी आहे. बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली.

"हे पिवळी तार कायची हो काकू?" कपिलने डोकं आत घालून विचारलं.

"कंपनीची असते," मी म्हणाले.

खोटं इतक्या सफाईने निघालं की माझं मलाच नवल वाटलं. पट्टी मी लगेच परत बसवली आणि त्याला म्हटलं, मोटार काढून दे, गाडी इथेच राहू दे, गुरुवारी सकाळी ये.

दुपारी बाकावर मोटार उघडली. आतून लाल गाळ सांडला. भिंतीला डकवलेली चुंबकं सुटून मधल्या फिरत्या भागाला घट्ट चिकटली होती. मोटार इंचभरही हलण्यातली नव्हती. आणि माझ्या मनात पहिली गोष्ट काय आली असेल? की हे नाल्याच्या पाण्यामुळे झालं असेल! गाडी कलंडली, पाणी शिरलं, मग मोटार गेली. तोवर ती चांगली होती. म्हणजे लॉक चांगलं होतं. म्हणजे नेमसिंगने लावलंच नव्हतं. मी खरी, तो खोटा. मला इतकं हलकं वाटलं की मी चहा मागवला.

चहा येईपर्यंत मी फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बन ब्रश काढले. जवळजवळ अख्खे होते. इतकी वर्षं काम केलेल्या मोटारीचे ब्रश झिजतात. हे झिजलेच नव्हते, कारण मोटार फार वर्षांपूर्वीच फिरायची थांबली होती. चहा निवून गेला आणि मला तो माणूस आठवला.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. नेमसिंग तेव्हा मुलीच्या, अंजूच्या लग्नासाठी महिनाभर रजेवर होता. त्याच्या जागी आलेला बदलीचा ड्रायव्हर गाडी घेऊन आला होता. त्याचं नावही आता आठवत नाही, पुढे तो हैदराबादकडे ट्रकवर गेला. त्याचे शब्द मात्र आठवले. "ताई, हा दिवा लुकलुकून लुकलुकून डोकं उठवते. पुढं घ्या, मांगं घ्या, थांबतच नाही. उद्या पासिंग हाये." विझवला तर तपासणाऱ्याने विचारलं असतं, म्हणून मी तो स्थिर करून दिला. पाच मिनिटांचं काम.

थांबतच नाही, असं तो म्हणाला होता. म्हणजे दात बसतच नव्हते. म्हणजे मोटार तेव्हाच मेलेली होती. दिवा बिचारा ओरडून सांगत होता आणि मी त्याच्या तोंडात बोळा कोंबला. पुढे चौकशीत मी त्याच दिव्याला साक्षीला उभं केलं. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात, इथे तर कुंपणच पंच म्हणून बसलं होतं.

त्या दुपारी माझ्या हातून एकही काम धड झालं नाही. दारव्ह्याकडच्या एका पाव्हण्याच्या पंपाची कॉइल मी उलटी भरली आणि वर त्याच्यावरच खेकसले. बाहेर जायचे, जीप बघायचे, आत यायचे. ती पिवळी तार दोन बोटांत धरून कापायला किती वेळ? मोटार दुरुस्त करायची, दिव्याची तार जागेवर लावायची, पिवळी तार गटारात. कपिलला ती कंपनीची वाटते. बाकी कुणाला काही वाटायला ती शिल्लकच राहणार नाही.

संध्याकाळी घरी सांगितलं. आमचे हे, नंदकिशोर, बँकेतून रिटायर झालेले. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची. दोन वर्षं झाली. त्याला पगार मिळून राहिला. तू जाणून तर केलं नाहीस ना?"

"नाही."

"मग झालं. उद्या लोक म्हणतील, पुंडलिकरावांच्या पोरीचा कागद खोटा निघाला. कोण देईल तुला मोटार भरायला?"

त्यांचं काही चुकत नव्हतं. मीही दिवसभर स्वतःला तेच सांगत होते. त्यांच्या तोंडून ऐकल्यावर मात्र मला त्यांचा इतका राग आला की मी भाकरी तव्यावर टाकली आणि ती काळी होईपर्यंत बघत राहिले.

बुधवारी चुंबकं डकवली. हे काम घाईचं नाही. चुंबकाची कुठली बाजू कुठे ते चुकलं तर मोटार उलटी धावते किंवा नुसती घुरघुरते. घासून काढली, खुणा केल्या, गोंद भरला, पकडीत दाबून ठेवली. गोंद वाळायला अख्खा दिवस. दिवसभर नुसतं बसून राहणं मला कधी जमलेलं नाही, त्यात हे. अकरा वाजता दुकानाला कडी घातली आणि संस्थेच्या फाटकाकडे चालत निघाले. सांगून टाकते आणि मोकळी होते, असं ठरवूनच निघाले.

नेमसिंग फाटकाशी खुर्ची टाकून बसला होता. मला पाहून उठला. पन्नाशी ओलांडलेला माणूस, पण कुणीही आलं तरी उठतो. पूर्वी गाडीत बसलेला असायचा तेव्हा लोक त्याच्यासाठी बाजूला व्हायचे.

"या ताई. गाडीचं काय झालं म्हणते कपिल?"

"होते दुरुस्त. मोटार जाम होती."

"असं का," तो म्हणाला आणि थांबला. पुढे काही विचारेल असं वाटलं. पण त्याने माझ्यासाठी खुर्ची पुसली. "बसा. पाणी आणू का?"

"नाही. कपिलले सांगा, उद्या सकाळी गाडी तयार हाये." एवढं बोलून मी परत फिरले. कोपऱ्यावर पोचेपर्यंत मी स्वतःला ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहीत नाही.

दुपारी पुन्हा गेले. तो पोळ्यासाठी फाटकाला तोरण बांधत होता. मी रस्त्यापलीकडूनच परतले. आता तर कारणही उरलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी मोटार गाडीवर चढवली. पाणी शिरू नये म्हणून सगळीकडून सील भरलं. मग आत बसून पिवळ्या तारेवरचा धागा ब्लेडने सोडवला. वार्निश इतकं पक्कं होतं की नखाखाली शिरलं. बाबांनी हात धरून शिकवलेली गाठ, इतकी चांगली बसलेली की सोडवताना रडू आलं. तार काढून पदराच्या टोकाला बांधली. दिव्याची मूळ तार डबीला जोडली आणि खटका फिरवला.

दिवा लुकलुकायला लागला. मागून मोटारीचा बारीक आवाज आला. गाडी हातभर पुढे घेतली, हातभर मागे. टक् झालं आणि दिवा स्थिर झाला. खाली उतरून गाडी जॅकवर घेतली आणि हाताने फिरवून पाहिलं, दोन्ही चाकं एकाच दिशेने फिरत होती.

मग मी लेटरहेडचं पुस्तक काढलं. बसून दोन प्रती लिहिल्या. एक प्रत संस्थेच्या ऑफिसात टेबलावर ठेवली, पेपरवेटखाली, तिथलं कुणी यायच्या आत. मला माझा भरवसा नव्हता. माघारी फिरायची वाट आधीच बंद केलेली बरी. दुसरी प्रत पर्समध्ये.

कपिल आला तेव्हा मी त्याला म्हटलं, आधी नाल्यावर ट्रायल घेऊ, आणि नेमसिंगभाऊंना बरोबर घेऊ, त्यांना तो चढ माहीत आहे. गाडी संस्थेच्या फाटकावर नेली, पण नेमसिंग काही केल्या तयार होईना.

"म्या स्टेरिंगले हात नाही लावत आता, ताई."

"हात नका लावू. नुसते बसा."

"कायले पण?"

"मले भेव वाटते म्हणून," मी म्हणाले. ते खरंच होतं. त्याला वाटलं चढाचं भेव. तो बसला.

नाला तिथून सात किलोमीटर. दोन्ही बाजूंना कपाशी कमरेएवढी झालेली. रस्त्यात कपिल एकटाच बडबडत होता. चढाच्या अलीकडे सपाट जागा आहे. तिथे मी गाडी थांबवायला लावली आणि कपिलला म्हटलं, तू उतर, पलीकडे जाऊन वरून चाकं बघ. तो पूल नसलेल्या नाल्यातून पँट वर करून गेला. मग मी नेमसिंगला म्हटलं, "इकडे येऊन बसा."

"ताई..."

"गाडी चालवू नका. खटका तेवढा फिरवा."

तो स्टेअरिंगमागे बसला. सीट त्याने न बघताच मागे सरकवली, दोन वर्षांनी. खटक्यापर्यंत हात नेला, थांबला, मग फिरवला. दिवा लुकलुकायला लागला.

त्याने हात झटकन मागे घेतला. "बिघडला. ताई, हा बिघडला. याले लुकलुकाची सवय नाही."

"बिघडला नाही, भाऊ. हा खरा दिवा हाये. आधीचा खोटा होता." मी दिव्याकडे बोट केलं. "तो म्या खोटा केलता. अंजूच्या लग्नाच्या वक्ती, तुमी रजेवर होते तेव्हा. त्या बदलीच्या ड्रायव्हरनं आणली होती गाडी, पासिंगसाठी. म्या दिव्याची तार सरळ खटक्यावर जोडून देली. तेव्हापासून लॉक लागो का न लागो, दिवा लागेच. चौकशीत मले ते आठवलं नाही. म्या दिवा पाह्यला आन लिहून देलं." पदराची गाठ सोडून मी ती पिवळी तार त्याच्यासमोर धरली.

त्याने तार घेतली नाही. तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने खटका बंद केला. पुन्हा फिरवला. दिवा लुकलुकला. पुन्हा बंद केला. असं चार-पाच वेळा केलं.

"म्हणजे म्या फिरवलं होतं?"

"फिरवलं होतं, भाऊ."

"आन दिवा पाह्यला होता."

"पाह्यला होता."

पलीकडच्या काठावरून कपिल हात हलवत होता. आम्ही दोघांनीही तिकडे बघितलं नाही.

"दिवा तुमी दुरुस्त केला हे मले ठाव होतं," नेमसिंग म्हणाला. "लगनावरून आलो तं दिवा लुकलुकत नव्हता. तो बदलीवाला म्हणे, ताईनं करून देला. म्हटलं, चांगलं झालं. चौकशीत तुमचं नाव नाही घेतलं म्या. चांगलं काम करनाऱ्या मानसाचं नाव असल्यात कायले ओढाव?" त्याने बोटाने खटका चाचपला. "मंग तुमचा कागद वाचला त्याईनं. म्हटलं, दिवा ताईच्या हातचा हाये, तो खोटा कसा असन? मंग मीच खोटा. मलेच भूल पडली असन. दोन वरसं आठवून राह्यलो, ताई. फिरवला का नाही, फिरवला का नाही. घरवाली जमनी म्हणे, आता सोडा ते. यवतमाळले जाऊन डोळे तपासले. डाक्टर म्हणे, डोळे चांगले हायेत. तं म्हटलं मंग डोस्कंच गेलं असन. म्हणून स्टेरिंगले हात लावला नाही. कोणी मना केलं म्हणून नाही."

मला वाटलं होतं तो शिव्या देईल, आणि ते मला चाललं असतं. त्याने माझ्यावर माझ्यापेक्षा जास्त भरवसा ठेवला होता आणि स्वतःवरचा काढून घेतला होता. मी हुंदके देत रडले. त्याने मला रडू दिलं, समजूत काढली नाही. ती माझ्या वाट्याची गोष्ट होती.

"अजून एक सांगाचं हाये," मी डोळे पुसून म्हणाले. "ते लॉक तेव्हाच मेलेलं होतं. त्याच्यानंतर चार वरसं तुमी या नाल्यातून गाडी काढत होते, पावसाळ्यात, गाळातून. लॉक नव्हतंच. तुमी नुसत्या हातानं काढत होते."

त्याने आपल्या दोन्ही हातांकडे बघितलं. हसला नाही. पण हात मांडीवरून उचलून स्टेअरिंगवर ठेवले.

मी पर्समधला कागद काढला. "हे लिहून आणलं. एक ऑफिसात ठेवला. हा तुमाले. वाचून दाखवू?"

"इथं नोका वाचू," तो म्हणाला.

त्याने खटका फिरवला, गाडी हातभर पुढे घेतली, हातभर मागे, दिवा स्थिर होईपर्यंत थांबला, आणि मग चढ चढून वर गेला. गाडी एकदाही डगमगली नाही. कपिल तोंड उघडं टाकून बाजूला झाला. वर जाऊन नेमसिंगने गाडी वळवली, कपिलला मागे बसवलं आणि नाला ओलांडून सरळ गावाकडे निघाला. कुठे, ते मी विचारलं नाही. बसस्टँडच्या मागच्या गल्लीकडे गाडी वळली तेव्हा मला कळलं.

मथुराबाई अंगणात तुरीची डाळ निवडत होत्या. गाडीचा आवाज ऐकून काठी घेऊन उठल्या. नेमसिंगला स्टेअरिंगवर बघून त्यांचा चेहरा आवळला. तो उतरला आणि फाटकाबाहेरच उभा राहिला, टोपी हातात घेऊन.

"मथुराबाई," तो म्हणाला, "ताईले काही वाचाचं हाये."

मी अंगणात गेले आणि वाचायला लागले. 'मी, सुचित्रा नंदकिशोर, पुंडलिकराव मोटार वाइंडिंग वर्क्स, पांढरकवडा, लिहून देते की दोन वर्षांपूर्वी मी दिलेला कागद चुकीचा होता.' लेटरहेडवर बाबांचं नाव वर छापलेलं होतं, ते अंगठ्याखाली झाकून मी पुढे वाचत गेले. तारेचं वाचलं, दिव्याचं वाचलं, मोटारीचं वाचलं. 'नेमसिंग राठोड यांनी त्या दिवशी लॉक लावलं होतं आणि दिवा पेटलेला पाहिला होता. दोष त्यांचा नव्हता, माझा होता.' सगळं पान वाचलं. गल्लीतल्या दोन-चार बाया कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्यांनीही ऐकलं.

मथुराबाईंनी मोडलेल्या पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला. मग माझ्या खांद्यावरून पलीकडे, फाटकाकडे बघत म्हणाल्या, "नेमसिंग, बाहेर काहून उभा राह्यला? ये, आत ये. पायरीवर बस. चहा ठेवते."

तो आत आला, माझ्या बाजूने गेला आणि पायरीवर बसला. मथुराबाई काठी टेकत घरात गेल्या. मी कागद हातात घेऊन तिथेच अंगणात उभी राहिले. मला कुणी बस म्हटलं नाही.